डबल बेलशिवाय

माझे बाबा एसटीच्या बसवर ड्रायव्हर होते. कल्याण-डोंबिवलीच्या रस्त्यांवर त्यांची अख्खी नोकरी गेली, आणि त्या रस्त्यांवर बस चालवणं म्हणजे काय हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी पुढच्या सीटवर बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचे. कंडक्टरकाका दोरी ओढायचे, टिंग-टिंग, आणि मगच बस हलायची. एकदा टिंग म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल. रस्ता मोकळा असो, मागचे हॉर्न मारून जीव खावोत, डबल बेल आल्याशिवाय बाबा गिअर टाकायचे नाहीत.

मी एकदा विचारलेलं, "तुम्हाला सगळं दिसतं ना, मग कंडक्टरकाकांचं कशाला ऐकता?"

"अगं, मला पुढचं दिसतं. मागच्या दाराला कोण लटकलंय ते त्यालाच दिसतं."

मग घरातही तोच खेळ सुरू झाला. जेवण झालं तरी बाबा ताटावरून उठायचे नाहीत. मी तोंडाने टिंग-टिंग केलं की उठायचे. आई वैतागायची, "बापलेकीने घराचा डेपो करून ठेवलाय."

आई गेल्यावर बाबांना मी डोंबिवलीहून माझ्याकडे ठाण्याला, बाळकुमला आणलं. त्यांच्या डोळ्यांना मधोमध डाग आलाय. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसलेलं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं ते सांगतात आणि वर हसतात. हे सुरू झालं तेव्हा त्यांची नोकरीची थोडी वर्षं शिल्लक होती. एका सकाळी स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा त्यांना दिसेना. त्यांनी बस बाजूला घेतली, चावी कंडक्टरकाकांच्या हातात दिली आणि डेपोत जाऊन सांगितलं. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी पकडलं नव्हतं. त्यानंतर स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही.

बाळकुमला आल्यावर बाबांना एक मित्र मिळाला. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या गेटाबाहेर गावठाण आहे आणि गेटाला लागून एक कट्टा. त्या कट्ट्यावर संध्याकाळी एक आजोबा येऊन बसतात. आज जिथे आमचे टॉवर उभे आहेत तिथे त्यांची भातशेती होती. बाबा त्यांना "गाववाले" म्हणतात, ते बाबांना "डायवर". दोघांची भाषा वेगळी, पण भांडायला एक माणूस मिळाल्याचा आनंद दोघांना सारखाच. कॉम्प्लेक्समधला मोठा रस्ता गावाच्याही वहिवाटीचा आहे. गाववाले तो ओलांडतात तेव्हा उजवा हात वर करून पंजा दाखवतात आणि मान न वळवता सरळ चालू लागतात. मी एकदा ओरडले तर मलाच म्हणाले, "माजे शेतान मी कनाला बगू इकरं-तिकरं?" त्यांच्याच शेतात त्यांनी इकडं-तिकडं का बघायचं, असा त्यांचा सवाल.

अडचण एकच होती. आमच्या टॉवरपासून ते मागचं गेट चांगलंच लांब आहे. मध्ये उतार, वळण, पाण्याचे टँकर, डिलिव्हरीवाल्यांच्या बाइक. मी नौपाड्यात दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, घरी येईपर्यंत अंधार होतो. नवऱ्याची ड्युटी पाळीची. म्हणजे बाबांचा कट्टा फक्त रविवारी. धरून न्यायला कोणीतरी ठेवू म्हटलं की भडकायचे. "मी काय गाठोडं आहे?" मग बाल्कनीत बसून राहायचे. मी कामावरून आले की पहिला प्रश्न, "खाली गाववाले दिसले का गं?" आमच्या बाल्कनीतून मागचं गेट दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी त्यांना दिसलं नसतं. मला फार वाईट वाटायचं.

अशात सोसायटीच्या मीटिंगमध्ये बातमी आली. एका कंपनीला तिची ड्रायव्हर नसलेली छोटी गाडी आमच्या आवारात चालवून बघायची होती. मोठ्या गेटापासून मागच्या गेटापर्यंत, प्रत्येक टॉवरखाली थांबत. चेअरमन खुशीत होते. "ठाण्यात हा मान आपल्याला मिळतोय!"

आता माझा स्वभाव. नाकावर राग, आणि जिभेला ब्रेक नाही. मी उभी राहिले. "मान कसला? प्रयोग आपल्यावर चाललाय. ती चुकली तर थांबवणार कोण? चुकली हे आम्हाला सांगणार कोण? आणि रस्त्यावरून गावही चालतं, त्यांना विचारलंय का? की रस्ता त्यांचा आणि होकार आपला?"

चेअरमन म्हणाले, "ताई, एवढं कळतंय तर देखरेख समितीत तुम्हीच बसा."

"बसते. पण गावाचा माणूस माझ्या शेजारी बसेल."

अशा रीतीने मी आणि गाववाले समितीत बसलो. पहिल्या मीटिंगला ते धुतलेला पांढरा शर्ट घालून आले, खुर्चीत बसल्या बसल्या चहा मागितला आणि कंपनीच्या लोकांना म्हणाले, "गारी येऊं दे. पन ती काय करते ते आमाला बी कलला पायजे." मला वाटतं, देखरेखीबद्दल त्या खोलीत याहून शहाणं कोणी काही बोललं नाही, मीसुद्धा.

खरं सांगू? मीटिंगमध्ये एवढं तोंड वाजवणारी मी, घरी आले आणि बाबांना सांगताना माझाच आवाज बदलला. "बाबा, तुम्ही एकटे जाऊ शकाल. रोज." बाबा आत जाऊन दाढी करून आले. मी विचारलं, "गाडी पुढच्या महिन्यात आहे, आज दाढी कशाला?" म्हणाले, "सवय हवी."

गाडी आली. पुढे काळ्या काचेचा गोल डोळा, डोक्यावर एक फिरती टोपी, स्टिअरिंग नाहीच. पुढच्या सीटवर कंपनीचा एक माणूस बसायचा, उजव्या हाताखाली लाल बटण. काही झालं तर ते दाबायचं, एवढंच त्याचं काम. बाबा पहिल्यांदा बसले तेव्हा मी सोबत होते. त्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता, ब्रेकवर. मागच्या गेटाला पोचलो तर गाववाले उठून उभे. "आला, डायवर आला! गारी कोन चालवतंय?"

"कोणीच नाही."

"मंग तुज्यापेक्षा बरी चालवते."

त्यानंतर बाबा रोज जायला लागले. मी संध्याकाळी घरी आले की ते आधीच परतलेले असायचे, आणि गावातल्या बातम्या मला ऐकवायचे. कोणाच्या म्हशीने कोणाच्या स्कूटरची सीट खाल्ली, कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं जुळलं. ते महिने आमच्या घरातले फार चांगले महिने होते.

गाडीत एक खोड होती. ती सारखी थांबायची. काचेवर धूळ बसली, थांबली. झाडाचं पान चिकटलं, थांबली. लोक कंटाळले, तक्रारी करायला लागले. बाबाही चिडवायचे, "हिला कोण सारखी सिंगल बेल देतंय?" कंपनीतर्फे एक इंजिनिअर मुलगी यायची, अंबरनाथची, बाबांना आजोबा म्हणायची. तिने वरच्यांशी बोलून काहीतरी बदल केला. समितीला कळवलं ते एवढंच, की प्रवास आता सुरळीत होईल. आणि झालाही.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. सकाळपासून पार्किंगमध्ये पाण्याच्या बादल्या, कारला हार, स्कूटरला हार, वॉचमनच्या सायकलला हार, पोरांच्या तीनचाकीलासुद्धा झेंडूचं एक फूल. बाबा नोकरीत असताना दरवर्षी डेपोत बसला हार घालायचे, स्टिअरिंगला कुंकू लावायचे. यंदा आंघोळ करून तयार होऊन म्हणाले, "आपल्या गाडीला कोण घालणार?"

खाली आलो. गाडी धुतलेली होती. बाबांनी हाताने चाचपत विचारलं, "हिला स्टिअरिंग नाही, मग कुंकू कुठे लावायचं? तोंड कुठंय हिचं?" इंजिनिअर मुलगी हसली, त्यांचा हात धरून काळ्या काचेच्या वर टेकवला. "हा डोळा आजोबा, त्याच्या वरच्या बाजूला लावा." बाबांनी कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि झेंडूचा भरघोस हार टोपीवर चढवला. हार खाली काचेवर आला तो तिने दोन्ही बाजूंना सारला, फोटो काढला. काढून ठेवावा असं तिलाही सुचलं नाही, मलाही नाही. दसऱ्याच्या दिवशी गाडीवरचा हार कोण उतरवतं हो? तो सुकेपर्यंत तसाच राहतो. ती मुलगी मशीन शिकलेली असली तरी घरची अंबरनाथचीच.

बाबा खिशात आपट्याची पानं घेऊन गाववाल्यांना सोनं द्यायला निघाले. मी त्यांच्या हातात दोन पेढे देऊन गाडीमागे चालत निघाले. उतारावर हादरा बसला आणि हार घसरून काचेवर आला. त्याच वेळी बाबांनी शेजारच्या बटणवाल्या माणसाला सोनं द्यायला पान पुढे केलं. सोनं डाव्या हाताने कोण घेतं? त्याने बटणावरचा उजवा हात उचलला आणि पान घेऊन कपाळाला लावलं.

समोर गाववाले रस्त्यात होते. हात वर, पंजा समोर, मान सरळ.

मी ओरडले. गाडीचा वेग फार नव्हता, पण ती थांबली नाही. धडकल्यावर थांबली. गाववाले त्याच हातावर पडले जो त्यांनी दाखवला होता. बाबा आतून विचारत होते, "काय लागलं? अगं, काय लागलं?" मी खिडकीशी धावले. "गाववाले पडलेत बाबा." ते उतरून रस्त्यावर गुडघ्यांवर बसले आणि चाचपत चाचपत मित्राचा हात शोधायला लागले.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर लागलं. चाचण्या थांबवल्या गेल्या आणि थोड्या दिवसांनी कंपनीचं उत्तर समितीकडे आलं. रहिवाशाने गाडीवर घातलेल्या वस्तूमुळे अपघात झाला, असं त्यात होतं. मी ते घरी मोठ्याने वाचायला नको होतं. बाबा म्हणाले, "वस्तू म्हणजे माझा हार. म्हणजे मीच." आणि कट्ट्यावर जायचंच बंद केलं. रविवारीसुद्धा. मी नेते म्हटलं तर म्हणायचे, पाय दुखतायत.

शेवटी गाववालेच आले, गळ्यात हात अडकवून, लिफ्टला शिव्या देत. बाबांच्या समोर बसले. "हार तू घातलास. धरकली ती. तू कनाला तोंड पारून बसलास?" बाबा रडले. गाववाल्यांनी डाव्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर थापट्या मारल्या आणि मला म्हणाले, "चाय ठेव गो, डायवर पंचर झालाय."

त्याच आठवड्यात ती इंजिनिअर मुलगीही आली. चेहरा उतरलेला. चहाचा कप हातात धरून बसली आणि न विचारताच बोलली. "आजोबा, तुमचा दोष नाही. दिसत नसेल तर थांबायचं, हे तिच्यात होतं. पण धुळीने, पानाने सारखी थांबायची, लोक ओरडायला लागले, म्हणून आम्ही ते सैल केलं. त्या दिवशी हारामुळे तिला समोरचं काहीच दिसत नव्हतं. काही दिसत नाही म्हणजे समोर काही नाही, असं धरून ती चालत राहिली."

ऐकून माझं डोकंच फिरलं. सैल केलं, आणि आम्हाला काय सांगितलं, तर प्रवास सुरळीत होईल! मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा तिला शांतपणे म्हणाले, "मलाही मधलं दिसत नाही बाळा. पण दिसत नाही हे मला कळतं ना. म्हणून तर मी चावी दिली. तिला तेवढं शिकव."

ती मान खाली घालून "हो" म्हणाली.

पुढच्या मीटिंगला कंपनीचे मोठे साहेब आले. त्यांचं म्हणणं, गाडीवर काहीही घालायला बंदी करा, म्हणजे पुन्हा सुरू करू. मग माझा पारा चढला. "दसऱ्याला हार घालू नका हे ठाण्यात तुम्ही कोणाकोणाला सांगणार? आज हार आहे, गणपतीत गुलाल उडेल, होळीला फुगा बसेल, संक्रांतीला पतंग येऊन चिकटेल. तुमची गाडी आमच्या रस्त्यावर आलीय, आमचा रस्ता तुमच्या कारखान्यात नाही आलेला. डोळ्यावर काही आलं तर ती थांबली पाहिजे. आणि ते सांगू नका, दाखवा. उघड्यावर, गावासमोर. तोपर्यंत सिंगल बेल." सिंगल बेल म्हणजे काय ते साहेबांना कळलं नाही. गाववाल्यांनी प्लास्टरचा हात वर केला आणि पंजा दाखवला, तेव्हा कळलं.

हे सगळं तावातावाने बोलताना मला पक्कं माहीत होतं की बाबांच्या संध्याकाळी मी बंद करतेय. रात्री जेवताना त्यांना तसं सांगितलं. "माझ्यामुळे आता तुम्हाला जाता येणार नाही." म्हणाले, "कंडक्टरवर ड्रायव्हर रागावत नसतो," आणि आमटी मागितली. मी उठून वाढायला गेले आणि ओट्यापाशी जरा वेळ थांबले, डोळे पुसून मग आले.

चाचणीसाठी रस्त्यात माणूस तर उभा करता येत नाही. कंपनी कापडी पुतळा आणणार होती, पण गाववाले म्हणाले, "बुजगावना आमाला शिकवू नका." बांबू, पेंढा, मडकं, सगळं त्यांनी गावातून आणवलं. अंगात घालायला बाबांनी आपला जुना खाकी शर्ट दिला, नोकरीतला. कित्येक वर्षांनी त्या जमिनीवर पुन्हा बुजगावणं उभं राहिलं, उजवा हात वर करून. गाववाले त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. "हितंच उबा करायचू," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी गावठाणातले लोक, आमच्या टॉवरमधले लोक, सगळे दोन्ही बाजूंना दोरीच्या मागे. बाबांनी हार घातला, डोळ्यावरच, मुद्दाम. रिकामी गाडी सोडली. ती निघाली, हळू झाली, मला वाटलं थांबली, आणि मग तशीच पुढे जाऊन धडकली. मडकं फुटलं. बाबांचा खाकी शर्ट चाकाखाली होता.

तो शर्ट मी आयुष्यभर दोरीवर वाळताना बघितलाय.

"काय फुटलं?" बाबांनी विचारलं.

"मडकं."

"मग नको," बाबा म्हणाले. "मला घाई नाही."

घाई नाही म्हणे! पूर्ण थंडीभर ते बाल्कनीत बसले. रविवारी मी न्यायचे, हात धरून, टँकर आला की कडेला थांबून. बाकीचे दिवस तसेच जायचे. एकदा रजा टाकून लवकर आले तर स्वेटर घालून, दाढी करून बसलेले, आणि काठी मांडीवर. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, "कुठे नाही." इंजिनिअर मुलगी मधूनमधून फोन करायची. काय बदललं ते आता समितीला दर वेळी नीट समजावून सांगायची, आणि गाववाल्यांना कळेपर्यंत पुन्हा सांगायची.

होळीच्या सुमारास तिने पुन्हा बोलावलं. तेच बुजगावणं, नवीन मडकं, तोच शर्ट, मी धुऊन शिवलेला. पुन्हा सगळे दोरीमागे. बाबांनी हार चढवला. मुलीने गाडी सुरू केली.

गाडी हललीच नाही.

लोक वाट बघून बघून कुजबुजायला लागले. कोणीतरी म्हणालं, बिघडली वाटतं. बाबा कान देऊन उभे होते, माझं मनगट घट्ट धरून. "काय झालं? फुटलं का? काय झालं ते सांग ना!"

मी सांगायच्या आधी गाववालेच म्हणाले, "डायवर, ती तुज्यासारकी झाली. दिसत नाय बोलते. नाय जात."

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट सांगता येत नाही. ते पुढे झाले, चाचपत हार उतरवला, काच रुमालाने पुसली आणि गाडीला म्हणाले, "जा आता." ती निघाली, आणि बुजगावण्याच्या वर केलेल्या हातासमोर अलगद थांबली. मुलीने मग गुलाल मारला, चिखल फासला, पतंगाचा कागद चिकटवला. आम्ही सगळं करवून घेतलं, मनाचं समाधान होईपर्यंत. मग समितीने हात वर करून मंजुरी दिली. गाववाल्यांचं मनगट थोडं वाकडंच जुळलंय, तोच हात त्यांनी सगळ्यांत उंच केला आणि कट्ट्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. संध्याकाळी बाबांना खाली आणलं. बटणवाला माणूस पुढे बसला होता, उजवा हात जागेवर. बाबा मागच्या सीटवर बसले. मीही चढायला लागले तर काठी आडवी घातली. "तू कशाला? घरी जा, भात लाव."

मी उतरले. माणसाने विचारलं, "आजोबा, निघू या?" बाबा गप्प. पुन्हा विचारलं. बाबा समोर बघत नुसते बसून. मला वाटलं, घाबरले. मी खिडकीशी वाकले. "बाबा, नको वाटतंय का? राहू दे आज."

"नको कशाला वाटेल?" ते म्हणाले. "कंडक्टर खाली उभा आहे. बेल कोण देणार?"

पन्नाशी उलटलेली बाई मी. चारचौघांत, वॉचमन बघत असताना. मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, गाडीच्या मागे जाऊन बघितलं, काच पुसलेली आहे ना ते बघितलं, बटणावरचा हात बघितला. आणि मग तोंडाने, जेवढा आवाज निघाला तेवढ्यात, बेल दिली.

टिंग-टिंग.

गाडी निघाली. भात लावायला मी गेले नाही.